कुत्र्यालाही वळण लागते

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्यापैकी एकीने घरसंसारातला एखादा विषय घेऊन चार शब्द बोलायचे, अशी आपल्या मंडळाची रीत आहे. आजवर कोणी वर्षाच्या साठवणीवर बोलल्या, कोणी शिवणावर, कोणी मुलांच्या अभ्यासावर. यंदा चिटणीसबाई मला म्हणाल्या, "तुम्ही तुमच्या मोत्यावर बोला." मी म्हटले, "अहो, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मी कसले व्याख्यान देणार?" त्यावर त्या म्हणाल्या, "व्याख्यान नकोच. तुम्ही घरात जे करता तेवढे सांगा." म्हणून मी आज उभी आहे. मी रोज जे करते तेवढेच सांगेन. काही चुकले तर सांभाळून घ्या.

हा विषय बायकांच्या सभेत कशाला, असे काहींना वाटेल. पण भगिनींनो, घरात कुत्रा आणतात मुले, नाव ठेवतात मुले, फोटो काढतात मुले; आणि आठ दिवसांनी तो येऊन पडतो आपल्या पदरात. त्याचे जेवण आपण करायचे, त्याने केलेली घाण आपण पुसायची, आणि तो पाहुण्यांच्या अंगावर गेला की बोलणीही आपणच ऐकायची. मग त्याला वळण लावण्याचे काम तरी दुसरे कोण करणार?

आमच्या घरी मोत्या आला त्याला आता सहा वर्षे झाली. धाकट्याने भर पावसात रस्त्यावरून उचलून आणलेले दोन महिन्यांचे गावठी पिल्लू. त्याच्या आदल्याच वर्षी मामंजींच्या खुब्याचे ऑपरेशन झालेले. ते काठी टेकीत घरातल्या घरात चालायचे. त्यांनी पिल्लाकडे पाहिले आणि सांगितले, "ठेवायचे तर ठेवा. पण ज्या दिवशी हे माझ्या पायात येऊन मी पडेन, त्या दिवशी हे घराबाहेर." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. त्या वयात पुन्हा हाड मोडले असते तर माणूस अंथरुणालाच खिळला असता. आमचे हे म्हणाले, "मग दाराशी साखळीने बांधून ठेवू."

साखळीने काय होते ते आम्ही आमच्याच आळीत पाहिलेले होते. नाव सांगत नाही, पण एका घरी असाच एक कुत्रा होता. लहानपणी तो लाडाने अंगावर उड्या मारायचा. तेव्हा सगळे हसायचे. मोठा झाल्यावर त्याच उड्या नकोशा झाल्या, म्हणून त्याला बांधले. बांधलेला कुत्रा दिवसभर भुंकू लागला. भुंकतो म्हणून त्याच्याजवळ कोणी जाईना, आणि कोणी जाईना म्हणून तो अधिकच चिडका झाला. एक दिवस पाहुण्यांचे मूल खेळता खेळता त्याच्याजवळ गेले आणि त्याने चावा घेतला. पुढे एका रात्री त्याला गाडीत घालून लांब हमरस्त्यावर सोडून आले. त्या कुत्र्याचा अपराध एवढाच, की त्याला कोणी काही शिकवलेच नव्हते.

आपल्या देशात प्राण्यांना क्रूरपणे वागवू नये असा १९६० सालचा कायदा आहे. कुत्र्याला सदा बांधून ठेवून त्याला हिंडवायचे नाही, किंवा पाळलेला जीव उपाशी मरेल असा सोडून द्यायचा, हे त्या कायद्याने गुन्हे आहेत. पण कायद्याचे राहू द्या. मला सांगायचे आहे ते असे, की कुत्र्याला शिकवायचे ते लोकांना करामती दाखवायला नव्हे. ज्याला वळण आहे त्याला बांधावे लागत नाही, आणि त्याला टाकून देण्याची पाळी येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, "बाई, आम्हाला सकाळी चहा प्यायला वेळ नाही, कुत्र्याची शाळा कधी घ्यायची?" इथेच तर माझे सांगणे आहे. शाळा वेगळी घ्यायचीच नाही. वेगळा तास ठरवला की तो चार दिवस चालतो आणि पाचव्या दिवशी बुडतो. आपल्या दिवसात कुत्र्याशी चाळीस-पन्नास वेळा गाठ पडते. आपण दार उघडतो, त्याची ताटली भरतो, पोळ्या लाटतो, बेल वाजली की धावतो. या प्रत्येक वेळी तो काहीतरी शिकतच असतो. आपण शिकवले नाही, तरी तो शिकतो. फ्रिजचे दार उघडल्याचा आवाज झाला की तुमचा कुत्रा कोणत्याही खोलीतून येऊन हजर होतो की नाही? ते त्याला कोणत्या मास्तरांनी शिकवले?

माझ्या मुलीच्या पुस्तकात पावलॉव्ह नावाच्या रशियन शास्त्रज्ञाची माहिती होती. त्यांना १९०४ साली पचनक्रियेच्या अभ्यासाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. कुत्र्यांवर प्रयोग करताना त्यांना दिसले, की अन्न तोंडात पडण्याआधीच, अन्नाची नुसती खूण पटली तरी कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. ते वाचून मी मुलीला म्हटले, "अगं, हे तर ताटलीचा आवाज झाला की रोज आपल्या ओट्यापाशी दिसते!" म्हणजे कोणत्या गोष्टीमागून कोणती गोष्ट येते, याचा हिशेब कुत्रा सतत ठेवीत असतो. तो हिशेब आपल्याला हवा तसा लावून द्यायचा, एवढेच वळण.

त्याची किल्ली अगदी सोपी आहे. कुत्र्याला जे जे हवे असते ते सगळे आपल्या हातात असते. जेवण आपल्या हातात, दाराची कडी आपल्या हातात, फिरायला जाणे आपल्या हातात, पाठीवरून फिरणारा मायेचा हातही आपलाच. ते देण्याआधी त्याच्याकडून एक लहानसे काम मागून घ्यायचे. फुकट काही द्यायचे नाही आणि मारूनही काही करवून घ्यायचे नाही.

पहिला शब्द "बस". पोळीचा हरभऱ्याएवढा तुकडा चिमटीत धरून त्याच्या नाकाशी न्यावा आणि हळूच डोक्यावरून मागे सरकवावा. नाक वर गेले की मागचा भाग आपोआप खाली टेकतो. टेकताक्षणी "शाबास" म्हणून तुकडा द्यावा. दोन-चार दिवसांत त्याला उमजते. मग ताटलीच्या वेळी तेच करावे. मी ताटली हातात घेऊन "बस" म्हणते. तो बसला की ताटली खाली येऊ लागते. मध्येच उठला तर ताटली पुन्हा वर जाते. मी रागावत नाही, बोलतही नाही. पहिल्या दिवशी ताटली सात-आठ वेळा वर-खाली झाली. आठवडाभरात तो माझ्या हाताकडे पाहून स्थिर बसू लागला. दोन वेळचे जेवण म्हणजे दोन धडे झाले, आणि जास्तीचा वेळ लागला तो फार तर मिनिटभर.

दुसरा शब्द "थांब", आणि त्याची जागा दारात. मामंजींच्या दृष्टीने हाच मोठा धडा. कुत्रे दारातून मुसंडी मारतात आणि म्हातारी माणसे पडतात ती तिथेच. मी कडीला हात लावायची. तो पुढे घुसला की कडी परत लावायची. तो मागे सरून बसला की दार उघडायचे आणि "चल" म्हणायचे. इथे खाऊ लागतच नाही, कारण दार उघडणे हेच त्याचे बक्षीस. दिवसातून सहा वेळा दार उघडले तर सहा धडे झाले. महिन्याभरात मोत्या उंबऱ्याशी आपण होऊन थांबू लागला. आधी मामंजी बाहेर पडायचे, मागून तो.

तिसरा शब्द "जागेवर". स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मी एक जुनी सतरंजी चौघडी करून घातली. आम्ही जेवायला बसलो की त्याने तिथे बसायचे. तिथे असेपर्यंत अधूनमधून त्याच्याच वाटणीतला तुकडा तिथेच मिळणार. पाटाशी येऊन उभा राहिला तर काहीही मिळणार नाही. बेलचेही तसेच. धाकट्याला मी मुद्दाम बाहेर पाठवून बेल वाजवायला लावायची, आणि बेल वाजली की मोत्याला सतरंजीवर बोलावून तुकडा द्यायची. अशा वीस-पंचवीस बेला झाल्या. आता गॅसचा सिलिंडर घेऊन येणारा मनुष्य निर्धास्त आत येतो.

चौथा शब्द "ये". हा शब्द फार जपून वापरावा. कुत्र्याला हाक मारून जवळ बोलवायचे आणि मग रागवायचे, आंघोळ घालायची किंवा औषध पाजायचे, असे केले की तो येईनासा होतो. आपणही येणार नाही! तसले काही करायचे असेल तर आपण उठून त्याच्यापाशी जावे. "ये" म्हटल्यावर मात्र नेहमी चांगलेच मिळाले पाहिजे. आणि हाक एकदाच मारावी. दहा वेळा "ये, ये" केले की तो समजतो, नऊ हाका फुकटच्या असतात.

पाचवा शब्द "सोड". चप्पल तोंडात धरली की आपण ओढायला जातो. त्याला तो खेळ वाटतो, नाहीतर धास्ती वाटते आणि तो वस्तू राखायला शिकतो. त्यापेक्षा तिच्याहून चांगली वस्तू पुढे करून "सोड" म्हणावे आणि अदलाबदल करावी. चार महिन्यांच्या सुमाराला पिल्लाचे दुधाचे दात पडू लागतात. तेव्हा ते दिसेल ते चावते. त्या दिवसांत चपला उंचावर ठेवाव्या आणि त्याला चावायला जुन्या कापडाची घट्ट गाठ द्यावी.

हे पाच शब्द मी कागदावर लिहून फ्रिजला चिकटवले. कारण पहिल्याच आठवड्यात घरात निरनिराळ्या बोली सुरू झाल्या होत्या. धाकटा "सिट" म्हणे, हे "बैस" म्हणत, सासूबाई "खाली बस रे बाबा" म्हणत. त्या मुक्या जीवाने समजावे तरी काय? एका कामाला एकच शब्द, आणि घरातल्या सर्वांनी तोच वापरायचा.

नियमही सर्वांचा एकच हवा. अंगावर उडी मारली की पाठ फिरवायची, आणि चारही पाय जमिनीवर टेकले की मगच कुरवाळायचे, असे आम्ही ठरवले. पण घरातल्या एकाने जरी "असू दे, लाडाने करतो" म्हणून उडी मारताना गोंजारले, तर बाकीच्यांची मेहनत पाण्यात जाते. उलट ती खोड अधिकच पक्की होते. लॉटरीचे तिकीट घेणाऱ्याचे पाहा ना, नऊ वेळा काही लागत नाही, पण दहाव्यांदा लागेल या आशेने तो घेतच राहतो.

तिसरी गोष्ट वेळेची. शाबासकी द्यायची ती त्याच क्षणी. आपण डबा शोधून, झाकण उघडून तुकडा काढेपर्यंत तो उठलेला असतो, आणि तुकडा मिळतो तो उठल्याबद्दल. म्हणून मी पदराला गाठ मारून त्यात चार तुकडे ठेवीत असे. हे तुकडे त्याच्या रोजच्या जेवणातूनच काढायचे, नाहीतर कुत्रा लठ्ठ होतो. शिकून पक्का झाला की दरवेळी खाऊ लागत नाही. कधी खाऊ, कधी नुसते "शाबास". मात्र कांदा-लसूण घातलेले पदार्थ, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला देऊ नये. या वस्तू त्याला विषासारख्या आहेत. शिजवलेली हाडेही देऊ नयेत. त्यांच्या टोकदार कपच्या निघतात.

आता मारण्याविषयी. आपल्याकडे समज आहे की काठीशिवाय जनावर सुधारत नाही. पिल्लाने घरात घाण केली की त्याचे नाक त्यात घासतात. त्याला त्यातून घाणीचे काही कळत नाही. माणसाचा हात वाईट असतो एवढेच कळते. त्यापेक्षा झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर त्याला लगेच बाहेर न्यावे, आणि तिथे केल्याबरोबर शाबासकी द्यावी. तसेच कुत्रा गुरगुरला म्हणून त्याला झोडपू नये. गुरगुरणे म्हणजे त्याचे "मला हे नको आहे" असे सांगणे. ते सांगणे मारून बंद केले, तर पुढच्या वेळी तो न सांगताच चावतो. तो गुरगुरला की आपण थांबावे, मुलाला बाजूला घ्यावे आणि त्याला कशाची भीती वाटली ते पाहावे.

आणि नुसते कुत्र्याला शिकवून भागत नाही, मुलांनाही शिकवावे लागते. कुत्रा जेवत असताना, झोपला असताना त्याला हात लावायचा नाही, गळ्याला मिठी मारायची नाही, शेपूट ओढायचे नाही. आणि अगदी लहान मूल व कुत्रा यांना एकटे सोडून आपण क्षणभरही खोलीबाहेर जायचे नाही, मग तो कुत्रा कितीही गुणाचा असो. पिसाळण्याच्या रोगाची लस डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी न चुकता टोचून घ्यावी. कोणताही कुत्रा चावला तर हळद-चुना लावीत बसू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच दवाखाना गाठावा. एकदा त्या रोगाची लक्षणे दिसू लागली की माणूस हाती लागत नाही.

या सगळ्याचा उपयोग काय झाला ते सांगते. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दुपारी मामंजींच्या हातून औषधाची बाटली निसटली आणि गोळ्या घरभर झाल्या. माणसाची साधी दुखण्यावरची गोळीसुद्धा कुत्र्याला घातक ठरू शकते. मोत्या तुकड्याच्या आशेने धावला. मी मोरीपाशी, माझे हात साबणाचे. तेवढ्यात मामंजींनीच खुर्चीवरून आवाज दिला, "सोड! जागेवर!" मोत्याने तोंडाशी आलेली गोळी सोडली आणि तो सतरंजीवर जाऊन बसला. मी एकेक गोळी वेचली, बाटलीवरच्या आकड्याशी मोजून पाहिली. एकही कमी नव्हती. त्या दिवशी मामंजींनी आपल्या ताटातली अर्धी भाकरी मोडून त्याला सतरंजीवर नेऊन दिली. घराबाहेर काढण्याची भाषा त्यापुढे निघाली नाही. आता संध्याकाळी मामंजी अंगणात शतपावली घालतात, तेव्हा मोत्या त्यांच्या काठीच्या चालीने शेजारून चालतो. ते थांबले की थांबतो. दोरी ओढली तर पाऊल पुढे पडत नाही आणि दोरी सैल राहिली तर पडते, हे मामंजींनीच रोजच्या शतपावलीत त्याला शिकवले. त्यासाठी त्यांनी वेगळा वेळ काढला नाही, आणि त्यांचे चालणेही चुकत नाही.

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच, असे आपण म्हणतो. शेपूट वाकडेच राहते हो, पण सवय सरळ होते. आणि ती ज्या घरात सरळ होते त्या घरातल्या माणसांनाही थोडे वळण लागते. आमच्याकडे आता कोणी एकदम ओरडत नाही, आणि चांगले केल्याबरोबर "शाबास" म्हणायची सवय लागली आहे. मुलांनाही आम्ही ते म्हणू लागलो आहोत. परवा पोळ्या चांगल्या झाल्या म्हणून आमचे हे मलाही "शाबास" म्हणाले. मी तेवढे मात्र मोत्याच्या खात्यावर जमा केले!

तेव्हा भगिनींनो, तुमच्यापैकी जिच्या घरी कुत्रा आहे तिने उद्या सकाळी एवढेच करावे. ताटली खाली ठेवण्याआधी त्याला बसू द्यावे, आणि दार उघडण्याआधी त्याला थांबू द्यावे. ही दोनच कामे आठ दिवस नेमाने करावी. मग पुढचा धडा कोणता घ्यायचा, ते तुमचे तुम्हालाच सुचेल. आणि जिच्या दाराशी साखळीला बांधलेला कुत्रा असेल, तिने रोज निदान दोनदा त्याला सोडून, दोरी धरून, हिंडवून आणावे. कुत्रा मोठा झाला म्हणजे शिकत नाही, हे खरे नाही. त्याला वेळ थोडा अधिक लागतो, इतकेच.

 आपले मंडळ असेच वाढत राहो, आणि पुढच्या वर्षी आपल्यातल्या आणखी एखाद्या न बोलणाऱ्या बहिणीला इथे उभे राहण्याचे धैर्य येवो, एवढी इच्छा व्यक्त करून मी माझे चार शब्द पुरे करते.